केरबांनी दिवे बंद केले होते

मित्रांनो, मी एक जुना, निकामी झालेला काळा डबा आहे. कोल्हापूरजवळ उचगावला निशिगंधाताईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. तिथल्या वरच्या फळीवर, जुन्या फ्यूजच्या बरणीशेजारी मी पडून असतो. माझा आकार तळहाताएवढा. एका बाजूला पितळी पिनांच्या रांगा आहेत, आणि त्यांतल्या अकरा पिना हिरव्या पडल्या आहेत. कंपनीच्या कागदात माझं नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल असं लिहिलेलं असतं. मिस्त्री लोक बीसीएम म्हणतात. ज्या केरबांच्या ट्रकमध्ये मी चार वर्षं राहिलो, त्यांना माझं नावच काय, मी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला दुखत नाही. चालू आणि बंद, एवढंच मला कळतं. पिना सडत होत्या तेव्हाही मला काही जाणवलं नाही. म्हणून ही हकिकत मी जशी घडली तशीच सांगणार आहे. रडणं मला येत नाही.

पुण्याजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. निळे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या आतली सर्किटची पट्टी तपासली आणि वर झाकण बसवलं. मग मला तापवलं, गारठवलं, दोन तास हादरवलं. मी सगळ्यात पास झालो. पाण्याची परीक्षा मात्र कुणी घेतली नाही. केबिनच्या आत, डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूच्या पत्र्याला लागून हा डबा बसणार, तिथं पाणी कुठून येणार, असं त्यांनी धरलं होतं.

माझं काम सोपं होतं. जुन्या गाड्यांत कळ दाबली की वीज सरळ दिव्याकडे जाई. नव्या गाड्यांत मध्ये माझ्यासारखा एक जण असतो. चालक कळ फिरवतो, कळ मला निरोप देते, आणि मी दिवा लावतो. वायपर, हॉर्न, वळणाचा दिवा, दाराचं कुलूप, सगळ्यांचे निरोप माझ्याकडे येत आणि माझ्याकडूनच पुढे जात. निरोप खरा की खोटा, हे मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं, असं मला कुणी शिकवलंच नव्हतं.

ट्रक घेतला केरबांच्या मुलानं, सम्राटनं. राधानगरी रस्त्यावर हळदीला त्यांचं घर. कोल्हापुरातून पशुखाद्याची पोती भरायची आणि राधानगरीपर्यंतच्या दूध सोसायट्यांना पोचवायची, असा त्यांचा धंदा होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये आजऱ्याहून काजूचीही खेप मिळे. सम्राट फोन आणि कागदपत्रं बघायचा. गाडी चालवायचे केरबा. त्यांचं वय तेव्हा सत्तावन्न होतं आणि त्यांतली पस्तीस वर्षं त्यांनी ट्रकवर काढली होती. पहिल्या दिवशी त्यांच्या पत्नीनं, शालूबाईंनी, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि समोरच्या काचेला हळदीकुंकू लावलं.

ती वर्षं चांगली गेली. केरबा कळ हळू फिरवत. काही माणसं कळ उपटल्यासारखी ओढतात, तसं त्यांनी कधी केलं नाही. घाटातल्या धुक्यात समोरून एसटी आली की ते दिवा खाली घेत, आणि ती गेली की पुन्हा वर. दिवसभरात असे शंभर निरोप मला मिळत, आणि शंभरही मी बिनचूक पोचवी. सोसायटीतली माणसं म्हणत, "केरबांची गाडी म्हंजे घड्याळ हाय." ते कौतुक केरबांचं होतं. त्यात माझाही थोडा वाटा आहे असं मला वाटे.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये आजऱ्याच्या रस्त्यावर झाडाची एक फांदी आदळली आणि समोरची काच फुटली. खेप थांबली होती, म्हणून वाटेतच एका ठिकाणी घाईनं नवी काच बसवली. तिचं रबर डाव्या कोपऱ्यात नीट बसलं नव्हतं. उन्हाळाभर ते कुणाला कळलं नाही, कळण्यासारखं काही नव्हतंच. जूनमध्ये पाऊस लागला. त्या कोपऱ्यातून पाणी आत यायला लागलं आणि वायरच्या जुडग्यावरून घरंगळत माझ्या पिनांपर्यंत पोचलं.

मिरगातला बुधवार होता. केरबांनी संध्याकाळी दारात गाडी लावली, दिव्याची कळ बंद केली आणि ते घरात गेले. नंतर मला निरोप आला, दिवे चालू. मी दिवे लावले. रात्रभर ते जळत राहिले. सकाळी बॅटरी उतरलेली होती.

"आबा, दिवं तसंच ठेवून गेला व्हय?" सम्राटनं विचारलं.

"बंद केलतं की."

"राहिलं आसंल. हुतंय कधी कधी."

कुणाकडूनही राहू शकतं, इतकी साधी गोष्ट होती ती.

आठ दिवसांनी सरवड्याच्या सोसायटीसमोर गाडी उभी असताना वायपर आपोआप फिरायला लागले. गाडीत कुणी नव्हतं. केरबा चहा पीत होते. कुणीतरी हसून म्हणालं, "केरबादा, काच पुसायचं काम चालू ठेवून आलाय." ते उठले आणि कळ बघायला गेले. कळ बंदच होती. त्यांनी ती चालू करून पुन्हा बंद केली, तसे वायपर थांबले.

त्या आठवड्यात सम्राटनं गाडी उचगावला निशिगंधाताईंकडे नेली. त्या पस्तिशीच्या. वडिलांचं दुकान त्याच चालवतात, आणि नव्या गाड्यांची तपासणी करायचं मशीनही त्यांनी आणलेलं आहे. मध्ये तीन दिवस कडक ऊन पडलं होतं. माझ्या पिना वाळल्या होत्या. ताईंनी मशीन जोडलं, एक एक कळ दाबून बघितली. सगळं ठीक चाललं. मशीननंही एकसुद्धा दोष दाखवला नाही. माझ्या लेखी दोष नव्हताच. मला निरोप मिळाला होता आणि मी तो पाळला होता.

"गाडीत काय न्हाय," ताई म्हणाल्या.

केरबा दुकानाबाहेर बाकावर बसले होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

सम्राट गाडीत येऊन बसला. मग त्यानं बायकोला फोन लावला. "गाडी चांगली हाय," तो म्हणाला. "आबांचंच बघाय पाहिजे. आज्जाचं असंच सुरू झालतं."

मित्रांनो, केरबांच्या वडिलांची गोष्ट त्या घरात सगळ्यांना माहीत होती. शेवटची चार वर्षं त्यांना काही आठवत नसे. स्वतःच्या उंबऱ्यावर उभं राहून ते माझं घर कुठं आहे असं विचारत. केरबाच त्यांना हाताला धरून आत नेत. त्यांचीही सुरुवात लहान गोष्टींनीच झाली होती. नळ चालू राहिला, चूल राहिली, असं.

मग धैर्यशीलचा प्रकार झाला. धैर्यशील राशिवड्याच्या सोसायटीचा सचिव, केरबांच्या ओळखीचा. त्या दिवशी दुपारी जोराचा पाऊस होता. केरबा राशिवड्याकडे उजवीकडे वळत होते. त्यांनी वळणाच्या दिव्याची दांडी ओढली. तो निरोप माझ्यापर्यंत आला नाही. दिवा लागला नाही. डॅशबोर्डवरची हिरवी खूणही लुकलुकली नसेल, पण केरबांचे डोळे रस्त्यावर होते. मागून धैर्यशील मोटारसायकलवर उजवीकडूनच पुढे निघाला होता. ट्रक वळला, त्यानं ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि तो हातावर पडला. मनगट मोडलं.

माणसं जमली. धैर्यशील रस्त्याकडेला हात धरून बसला होता.

"केरबाकाका, साइड दिली न्हाय तुमी," तो म्हणाला.

"दिली की रं."

"मी बघत हुतो. दिवा लागला न्हाय."

दोघंही खरं बोलत होते. गर्दीतला एक जण मोठ्यानं म्हणाला, "पावणं, वय झालं आता. घरात बसा की."

धैर्यशीलला जीपमधून दवाखान्यात नेलं. माणसं पांगली. केरबा गाडीत येऊन बसले. त्यांनी दांडी पुन्हा ओढली. या वेळी निरोप आला आणि मी दिवा लावला. ते पावसात खाली उतरले, पुढे गेले, मागे गेले. दिवा लुकलुकत होता. ते वर आले, दांडी सोडली, पुन्हा ओढली. असं सहा वेळा केलं. सहाही वेळा दिवा लागला.

"मग मीच इसरलो," ते म्हणाले. गाडीत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतर गाडी बंद करताना ते शालूबाईंना दारात बोलवायला लागले. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी संध्याकाळी शालूबाई हातातलं काम टाकून आल्या आणि पायरीवर उभ्या राहिल्या. केरबांनी कळ फिरवली. दिवे गेले. ते उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी पुन्हा उतरलेली होती.

"माझ्यासमोर कळ फिरवली त्येनी, दिवं गेलं, मग खाली उतरलं," शालूबाई सम्राटला म्हणाल्या. "मी काय आंधळी न्हाय."

"आई, तू त्येंची बाजू घेणारच की," सम्राट म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो दमलेला होता.

सम्राटनं वडिलांना कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं. परत येताना पोती भरलेली होती आणि गाडी सम्राट चालवत होता. केरबा डाव्या सीटवर बसले होते, माझ्या अगदी जवळ. त्यांच्या गुडघ्यात आणि माझ्यात प्लॅस्टिकची एक पट्टी होती, एवढंच अंतर.

"डॉक्टर म्हणालं, वयाप्रमाणं हाय सगळं," सम्राट म्हणाला. "सहा महिन्यांनी परत या म्हणालं."

केरबा काचेतून बाहेर बघत होते. "तीन शब्द सांगितलं हुतं," ते म्हणाले. "नंतर इचारलं. दोनच आठवलं मला."

"ऱ्हाऊ दे, आबा."

पुईखडीचा चढ संपला. वाशी गेलं. हळदी दिसायला लागली तेव्हा केरबा म्हणाले, "कंदील."

"काय?"

"तिसरा शब्द. कंदील."

"बरं," सम्राट म्हणाला.

घरी पोचल्यावर केरबांनी किल्लीची दुसरी जोडी खिशातून काढून सम्राटच्या हातात ठेवली. "हितनं पुढं तूच चालीव," ते म्हणाले. सम्राटनं एकदाही नको म्हटलं नाही. त्याला वाटलं होतं की किल्ली मागताना फार वाईट वाटेल. मागावी लागली नाही, याचंच त्याला बरं वाटलं असावं.

तरी केरबा रोज गाडीवर येत. सोसायटीतली माणसं त्यांच्या ओळखीची, पोती उतरून द्यायला ते लागत. ते माझ्याशेजारी बसत आणि हात मांडीवर ठेवत. पहिले काही दिवस पुढची गाडी थांबली की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई, ब्रेक असल्यासारखा. मग तेही थांबलं. कुणी काही विचारलं की ते "व्हय" म्हणत. चहा घ्यायचा का, व्हय. निघायचं का, व्हय. काय झालं आबा, बरं वाटत न्हाय का? व्हय. ते दुःखी दिसत नव्हते. काहीच दिसत नव्हते. मी चालू आणि बंद एवढंच ओळखतो, म्हणून सांगतो, त्या दिवसांत शेजारच्या सीटवरून मला कसलाच निरोप येत नव्हता.

ऑगस्टमध्ये राधानगरीकडून परत येताना भर दुपारी आभाळ इतकं भरून आलं की दिवे लावावे लागले. पाऊस काचेवर बादलीनं ओतावा तसा होता. वायपर जोरात चालले होते. सम्राट चालवत होता. त्या दिवशी माझ्या पिनांवर इतकं पाणी साचलं होतं की सगळेच निरोप एकमेकांत मिसळले. आधी दिवे गेले. मग वायपर अर्ध्यावर थांबले. आणि हॉर्न वाजायला लागला तो थांबेना.

"आबा, दिसंना काय," सम्राट म्हणाला. "मी हात लावला न्हाय कशाला."

केरबा सरळ होऊन बसले. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "बिरीक एकदम दाबू नको. गिअर खाली घे. म्होरं वढ्यावरची मोरी हाय, तिच्या अलीकडं डाव्या अंगाला मोकळी जागा हाय. आजून थोडं. आता घे डावीकडं. घे. हां, बास."

गाडी थांबली. समोरून पोती भरलेला एक ट्रक त्यांच्या उजव्या अंगाला हातभर अंतर ठेवून गेला. हॉर्न वाजतच होता. केरबा पावसात उतरले, बॅटरीच्या पेटीपाशी गेले आणि पान्यानं वायर सोडवली. हॉर्न थांबला. पावसाचा जोर कमी झाल्यावर त्यांनी ती पुन्हा जोडली. सम्राट रस्त्यातच वडिलांना म्हणाला, "आबा, खरंच मी काय केलं न्हाय ओ."

"ठाव हाय मला," केरबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाऊस चालू असतानाच गाडी उचगावला आली. ताईंनी सम्राटचं ऐकून घेतलं. मग त्या डाव्या दाराशी आल्या. केरबा अजून सीटवरच बसले होते.

"काका, त्या दिवशी तुम्हाला विचारायचं राहिलं माझ्याकडनं," त्या म्हणाल्या. "हे कधी कधी झालं, सांगता?"

केरबा त्यांच्याकडे वळले. मग सांगायला लागले.

"पयल्यांदा मिरगात, बुधवारी. रातभर पाऊस. सकाळी बॅटरी उतरली. मग आठ दिवसांनी सरवड्यात, वायपर. तवाबी पाऊस हुता. मग तीन दिवस ऊन पडलं, तुमच्याकडं आणली, तर काय न्हाय. जुलैत तरणा पाऊस लागला त्या दिवशी राशिवड्याच्या वळणावर धैर्यशील पडला. त्येनं निळा रेनकोट घातलता. बेंदराला दिवं, शालू सोबत हुती. त्येच्या आधल्या सोमवारी ठिकपुर्लीत दार आपलं आपण उघडलं, ते कुणाला सांगितलं न्हाय मी. आन् काल. सगळ्या टायमाला पाऊस. उनाच्या दिवशी एकदाबी न्हाय."

ताईंच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला होता. "काका, तुम्हाला सगळं पाठ हाय की," त्या म्हणाल्या.

"व्हय," केरबा म्हणाले. मग हळू आवाजात, "सगळं पाठ हाय."

सम्राट दाराबाहेर पावसात उभा होता. तो आत आला नाही.

"काच बदलली होती का मधी?"

"मार्चमधी. आजऱ्याला."

"त्याच्या आधी कधी झालं असं?"

"कधीच न्हाय."

ताईंनी बॅटरी सोडली, केरबांना खाली उतरायला सांगितलं आणि डावी पट्टी काढली. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला. त्यांनी माझ्या वायरी काढल्या, दोन बोल्ट सोडवले आणि मला तिरकं केलं. माझ्यातून पाणी गळलं. साधारण दोन चमचे असेल. पिना हिरव्या झालेल्या होत्या, त्यांतल्या दोन तर हात लावताच तुटल्या.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. पाणी एका पिनेवरून दुसरीवर जात होतं आणि मी त्याला निरोप समजत होतो. दोन महिने मीसुद्धा हेच धरून चाललो होतो की कळ केरबांनीच चालू ठेवली आहे. त्या सगळ्यांत केरबांना चुकीचं ठरवणारा पहिला मीच होतो.

नवा डबा यायला चार दिवस लागले. तेवढ्या दिवसांत ताईंनी काच काढून रबर नीट बसवून घेतलं, नाहीतर नवा डबाही असाच सडला असता. वायरीची टोकं साफ केली. नवा बसवल्यावर लॅपटॉप जोडून त्याला त्या गाडीची माहिती भरली, किती दिवे, कोणते वायपर, दारं कशी. मग पाण्याचा पाइप लावून अर्धा तास काचेवर पाणी मारलं. सगळं ठीक होतं. मी टेबलावरून बघत होतो.

केरबांनी मला उचलून हातात घेतलं. उलटं करून बघितलं. "एवढंच व्हय?" ते म्हणाले.

सम्राटनं किल्ली पुढे केली. "आबा, माझं चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"तुझं सोड," केरबा म्हणाले. "मलाबी पटलंतं."

त्यांनी किल्ली घेतली नाही. "आज तूच चालीव," म्हणाले आणि डाव्या बाजूनं चढून बसले. गाडी गेली. मी फळीवर राहिलो.

दिवाळीनंतर ते एकदा आले. एकटे होते आणि गाडी स्वतः चालवत आले होते. मागच्या दिव्याची काच बदलायची होती. ताईंनी चहा मागवला.

"धैर्यशील घरी आलता," केरबा म्हणाले. "हात बरा झालाय त्येचा. म्हणाला, काका, तुमीबी खरं आन् मीबी खरं."

"आणि तुम्ही बरं हाय ना?"

"हाय की. गाडी झ्याक चालतीय." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पर अजून उतरल्यावर मागं वळून बघतोय. बंद दिसत्यात. मग चार पावलं जातो, आन् परत वळतो."



काम झालं. निघण्याआधी केरबांना समोरच्या दुकानातून काहीतरी आणायचं होतं. त्यांनी गाडी बाजूला लावली आणि उतरले. फळीवरून मला रस्ता दिसतो. दिवे बंद होते. केरबा चार पावलं गेले आणि वळले. दिवे बंदच होते. ते पुन्हा चालायला लागले.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा चार दिवसांत मिळतो आणि अर्ध्या दिवसात बसतो. केरबांचं जे गेलं, ते कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणून घरातलं एखादं मोठं माणूस म्हणालं की मी बंद केलं होतं, तर आधी वायर उघडून बघा. काच, रबर, पिना, सगळं बघा. माणसाकडे सगळ्यात शेवटी बोट दाखवा. आणि तोपर्यंत उशीर झाला असेल, एखादं माणूस असं चार पावलांवर वळून बघताना दिसलं, तर हसू नका. त्याच्याजवळ जा आणि एवढंच सांगा, "बंद आहेत, काका. मी बघितलं."